सूतभर

बेनेदितानं रविवारी सगळं काचेत भरलं.
मीठ, मैदा, साखर, चिकोरी.
एकसारख्या बरण्या, एकसारखी झाकणं,
वर तिच्या सुबक अक्षरातल्या पांढऱ्या चिठ्ठ्या.
स्वयंपाकघर दवाखान्यासारखं दिसायला लागलंय,
असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, छान.

रात्री सगळे निजल्यावर
मागच्या जिन्यापाशी ठेवलेल्या रद्दीच्या पिशवीत
कोपरापर्यंत हात घातला.

पहिल्यांदा आला तीन सशांचा मैदा.
पिशवी तळाशी फाटलेली, ससे शाबूत.
दोघे धावतायत, तिसरा थांबून मागे बघतोय.
ज्यानं काढले त्याला मी एकदा विचारलं होतं, हा का वळला?
तो म्हणाला, बाई, सगळेच धावले तर शर्यत होते,
आणि मैदा घ्यायला आलेल्या माणसाला
कसली आलीय घाई.

मग मिठाचा खोका. निळा.
समुद्राचा निळा नव्हे.
समुद्र छापखान्याच्या खिडकीतून रोज दिसायचा,
बहुतेक दिवस शिशासारखा.
हा निळा कुणीतरी बसून, सतरा कपात कालवून
ठरवलेला आहे,
बघणाऱ्याला वाटावं, आतलं मीठ
कधी ओलं होणार नाही.
(होतं. तरी.)

साबणाचा कागद तर तिनं कात्रीनं कापला होता!
अगं, आधी ती सोनेरी टिकली नखानं उचलायची,
मग एक घडी, मग दुसरी,
मग आतला कांद्याच्या सालीसारखा कुरकुरणारा कागद,
आणि मग वास.
आन्सेल्मो लहानपणी यासाठी आंघोळ करायचा.

एवारिश्तुच्या दुकानात अजून
प्रत्येक पुड्याचं तोंड रस्त्याकडे असतं.
रोज सकाळी तो फडकं घेऊन फिरतो,
कुणाची पाठ वळली असेल तर सरळ करतो.
बेनेदिता म्हणते, रंगाचेच पैसे घेतात, आत तेच पीठ.
खरंय तिचं.
मी एकतीस वर्षं त्या रंगाच्याच पगारावर
हे घर चालवलं.

आणि पिशवीच्या तळाशी, टोमॅटोच्या सालीखाली,
चिकोरीचा डबा. पत्र्याचा.
गंजलाय म्हणून टाकलेला.

मातोझिन्योशला पत्र्यावर आधी पिवळा चढायचा,
मग लाल, मग निळा.
तोवर डब्यावरची बाई म्हणजे नुसते डाग.
काळा आला की ती माणसात यायची,
हातात कप, कपावर वाफ, कपाळावर एक बट.
त्या शुक्रवारी लालवर मी होते.
आठवा महिना.
आन्सेल्मोनं आतून अशी लाथ हाणली
की स्क्रूवरचा हात हलला,
आणि चार हजार बायकांचे ओठ
सूतभर वर सरकले.

मुकादम किंतेला भिंग घेऊन आले.
मी मनात पगार मोजत उभी.
त्यांनी एक पत्रा उजेडाला धरला, दुसरा धरला,
नाकातून आवाज काढला.
म्हणाले, आजवर ही नुसती कप धरून बसली होती.
आज प्यालेली दिसते.
जाऊ द्या.

पुढच्या सोमवारी ओठ परत जागेवर.
मी त्यातलाच एक डबा विकत घेतला, पूर्ण किमतीला.

मी तो पदराला, म्हणजे एप्रनला, पुसत होते
तेवढ्यात पाणी प्यायला इरिया उठली.
डोळे चोळत डब्याकडे बघितलं.
"हिला लिपस्टिक लावता येत नाही, आजी."
म्हटलं, तिचा दोष नाही.
तुझ्या बापाला विचार.

सकाळी मी कॉफीत मीठ घातलं.
चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो.
निळा ओळखायला कधी लागला नव्हता.
बेनेदिता काही बोलली नाही.
दुपारी बघते तर बरणीशेजारी
मिठाचा खोका, रिकामा,
तोंड माझ्याकडे करून उभा.